जंतू मेले, धाप राहिली : एका न्यूमोनियाचं प्रकरण

रुग्ण ४८ वर्षांचा, कोल्हापूर जिल्ह्यातला, गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारण्याचं काम करणारा. जानेवारीचे दिवस, हंगाम जोरात. पंचवीस वर्षं विडी, दिवसाला एक बंडल. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तीन दिवसांपूर्वी रात्री हुडहुडी भरून ताप आला. दुसऱ्या दिवसापासून उजव्या कुशीत श्वासागणिक कळ यायला लागली. गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. तिसऱ्या दिवशी बेडक्याला विटकरी रंग आला, तेव्हा घरची माणसं घाबरली आणि जीपमधून आमच्याकडे घेऊन आली.

आला तेव्हा श्वास मिनिटाला ३४, नाडी १२२, रक्तदाब १०४/६४, साध्या हवेवर ऑक्सिजन ८६ टक्के. वाक्य पूर्ण बोलता येत नव्हतं. पाठ ठोकून पाहिली तर उजवीकडे खालच्या भागात लाकडावर बोट आपटावं तसा मठ्ठ आवाज. स्टेथोस्कोप ठेवला की तिथेच नळीतून वारा फुंकल्यासारखा श्वास. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा खंड पांढराशुभ्र, आणि त्या पांढऱ्यात श्वासनलिकांच्या काळ्या रेघा झाडाच्या फांद्यांसारख्या उठून दिसत होत्या. पांढऱ्या पेशी २१ हजार, त्यातल्या नव्वद टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पेशी. रक्तातली दाहाची खूण, सीआरपी, २८०. कोविड आणि फ्लू दोन्ही निगेटिव्ह.

बेडक्याची ग्रॅम स्टेनची, म्हणजे जंतू रंगवून पाहण्याची, स्लाइड मी स्वतः पाहिली. मोठी तपासणी उपलब्ध असली तरी ही सवय सोडू नये असं माझं ठाम मत आहे. भिंगाखाली न्यूट्रोफिलची नुसती दाटी होती, आणि त्यांच्या मधल्या जागेत जांभळे, जोडीजोडीने बसलेले, जवसाच्या दाण्यासारखे टोकाला निमुळते जंतू. प्रत्येक जोडीभोवती कॅप्सूलची, म्हणजे जंतूच्या आवरणाची, फिकट कडा. न्यूमोकॉकस, न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू. दुसऱ्या दिवशी रक्ताच्या कल्चरमध्येही (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) तोच वाढला, पेनिसिलिनला पूर्ण दबणारा.

सेफ्ट्रियाक्सोन आणि अझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिकं पहिल्या तासातच सुरू झाली होती. नाकातून चार लिटर ऑक्सिजनवर तो ९३ टक्क्यांवर आला. निदान पक्कं, औषध अचूक. अशा रात्री डॉक्टरला बरी झोप लागते.

पण साधारण वीस तासांनी आयसीयूतून फोन आला. ऑक्सिजन घसरत होता. चारावरून सहा लिटर, मग रिझर्व्हॉयर मास्क. मास्कवरसुद्धा धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब (टक्के नव्हे) जेमतेम ६२. नवा एक्स-रे काढला तर पांढरेपणा उजव्या मधल्या खंडात चढलेला, आणि डाव्या तळाशीही धूसर सावली. रेसिडेंटने मेरोपेनेम सुचवलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, रुग्ण खालावला की हात आपोआप अधिक भारी अँटिबायोटिककडे जातो. पण आमच्या हातात स्लाइड होती, कल्चर होतं, जंतू साध्या औषधाला दबतो हे माहीत होतं. सोनोग्राफीत छातीत पाणी किंवा पू नव्हता, इकोत हृदय चांगलं चालत होतं. औषध बदललं नाही. हाय-फ्लो ऑक्सिजन लावला आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड सुरू केलं, दिवसाला २०० मिलिग्रॅम, सतत ठिबकत. त्याबद्दल पुढे लिहितो.

तिसऱ्या दिवशी घेतलेलं रक्ताचं कल्चर ४८ तासांनी निर्जंतुक आलं. ताप ९९ वर. तरीही पाचव्या दिवशी तो हाय-फ्लोवरच होता, श्वास २८. मी त्याच्या बायकोला, वहिनींना, सांगितलं, की रक्तातले जंतू गेले आहेत. त्यांनी पदर सावरला आणि सरळ विचारलं, "जंतू मेल्यात म्हनतायसा, मग ह्येंची धाप का कमी हुईना?"

मी त्यांना त्या वेळी म्हणालो, "वहिनी, चोर गेलाय, पण घरात झालेली मोडतोड अजून आवरायची आहे." ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. मोडतोड चोराने कमी आणि त्याला पकडायला धावलेल्यांनी जास्त केली होती, आणि धावणाऱ्यांना आवरणारी जी घरची माणसं असतात तीच त्या गोंधळात तुडवली गेली असावीत. हे लेखन त्या घरच्या माणसांबद्दल, म्हणजे फुप्फुसातली आग आवरणाऱ्या दोन प्रथिनांबद्दल आहे.

जुनीच गोष्ट

वहिनींचा प्रश्न वैद्यकात नवा नाही. ब्रुकलिनमधल्या एका मोठ्या रुग्णालयात दहा वर्षं जमवलेली न्यूमोकॉकसची प्रकरणं रॉबर्ट ऑस्ट्रियन आणि गोल्ड यांनी १९६४ मध्ये मांडली. पेनिसिलिनने एकूण मृत्यू खूप कमी केले होते. पण आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत जे रुग्ण दगावतात, त्यांच्या बाबतीत औषधाने जवळजवळ काहीच फरक पडलेला नव्हता. म्हणजे काही माणसांत जंतू मारण्याचं काम वेळेत होऊनही हानीची गाडी आपल्या वेगाने पुढे जात राहते.

याचा एक भाग अँटिबायोटिकच्या स्वभावात आहे. सेफ्ट्रियाक्सोन जंतूची भिंत बांधू देत नाही, त्यामुळे जंतू फुटतो. फुटला की भिंतीचे तुकडे, टायकोइक आम्लं आणि न्यूमोलायसिन नावाचं पेशींना भोकं पाडणारं विष एकदम वायुकोशात मोकळं होतं. तिथल्या भक्षकपेशींवर अशा तुकड्यांची चाहूल घेणारे ग्राही असतात, विशेषतः टीएलआर-२. ते पेटतात, टीएनएफसारखे संदेश सुटतात आणि रक्तातून न्यूट्रोफिलची झुंड आत उतरते. आमच्या रुग्णाचं विसाव्या तासाचं खालावणं या हिशेबात बसतं. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण पहिला डोस तर प्रत्येकालाच दिला जातो आणि बहुतेक जण दुसऱ्या दिवशी बरे दिसतात.

वायुकोशाची अडचण

काटा टोचून बोट सुजलं तर दोन दिवस दुखतं, पण बोटाचं काम चालतं. वायुकोशाला ही सवलत नाही. दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात आणि त्यांच्या हवेला रक्तापासून वेगळं करणारा पडदा बऱ्याच ठिकाणी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. तो सुजला की हवेच्या जागी पाणी येतं. त्यात आपण रोज दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत घेतो, धूळ, परागकण, जंतूंचे तुकडे, आमच्या रुग्णाच्या बाबतीत चिपाडांचा धूरही. प्रत्येक कणावर तिथल्या पेशी पेटून उठल्या असत्या तर माणूस आठवडाभरही जगला नसता. तेव्हा फुप्फुसात शांतता ही आपोआप असलेली स्थिती नाही, ती कोणीतरी सतत राखत असतं.

राखणाऱ्यांमध्ये मोठा वाटा सरफॅक्टंटमधल्या दोन प्रथिनांचा आहे. सरफॅक्टंट म्हणजे वायुकोशाला आतून असलेला स्निग्ध थर, ज्याच्यामुळे श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून चिकटत नाही. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हाच थर कमी पडतो. त्यात नव्वद टक्के स्निग्ध पदार्थ आणि दहाएक टक्के प्रथिनं. त्यातली एसपी-बी आणि एसपी-सी (एसपी म्हणजे सरफॅक्टंटचं प्रथिन) पृष्ठताणाचं काम पाहतात. एसपी-ए आणि एसपी-डी हे दोघे मात्र वेगळ्या घराण्यातले, कोलेक्टिन म्हणून ओळखले जाणारे. रेणूच्या एका टोकाला गोलसर डोकं, जे जंतूच्या अंगावरची साखर ओळखून चिकटतं. दुसऱ्या टोकाला कोलॅजनच्या घडणीची लांब शेपटी. तीन साखळ्यांची एक जुडी होते. अशा सहा जुड्या एकत्र बांधल्या की एसपी-ए, देठ धरलेल्या फुलांच्या गुच्छासारखं. चार जुड्या शेपटीशी शेपटी जोडून अधिकच्या चिन्हासारख्या बसल्या की एसपी-डी.

बरीच वर्षं समज असा होता की यांचं काम जंतूंना चिकटून त्यांचे गठ्ठे करणं आणि भक्षकपेशींना ते गिळायला सोपं करून देणं. ते काम ती करतातच. पण पूर्ण चित्र उंदरांनी दाखवलं.

सिनसिनाटीचे उंदीर

सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात कॉर्फहेगन, व्हिट्सेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एसपी-ए अजिबात नसलेले उंदीर तयार केले. ते नीट श्वास घेत होते, नीट वाढत होते. जंतू घातल्यावर मात्र त्यांचं उणेपण उघड झालं. मग ॲन लेव्हाइन यांच्या गटाने २००० साली तीन प्रकारच्या उंदरांची तुलना प्रसिद्ध केली. एक धडधाकट, एक एसपी-ए नसलेले, एक एसपी-डी नसलेले. सगळ्यांच्या श्वासनलिकेत जंतू सोडले, एका प्रयोगात ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस, दुसऱ्यात हिमोफिलस इन्फ्लुएन्झी.

एसपी-ए नसलेल्यांना जंतू नीट मारता आले नाहीत, आणि त्यांच्या फुप्फुसात दाहही जास्त झाला. हे अपेक्षितच म्हणायचं, जंतू उरले तर दाह वाढणारच. पण एसपी-डी नसलेल्या उंदरांनी जंतू धडधाकट उंदरांइतकेच मारले, तरी त्यांच्या फुप्फुसात दाह जास्त होता, दाहक पेशी जास्त उतरल्या होत्या, आणि त्यांच्या भक्षकपेशी ऑक्सिजनची जहाल संयुगं जास्त सोडत होत्या.

मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्या एका ओळीवर थांबलो होतो. जंतू मारणं आणि आग आवरणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम बंद पडलं तर पहिलं चोख होऊनही फुप्फुसाचं नुकसान होतं, हे त्यात दाखवलेलं आहे. वहिनी पाचव्या दिवशी नेमकं हेच विचारत होत्या.

एकच रेणू एकदा आग लावतो आणि एकदा विझवतो हे कसं, याचं सुंदर उत्तर डेन्व्हरच्या गार्डाय, हेन्सन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दिलं. फुप्फुस स्वच्छ असतं तेव्हा या प्रथिनांची डोकी मोकळी असतात. ती भक्षकपेशीवरच्या सर्प-अल्फा नावाच्या ग्राहीवर टेकतात आणि आत 'गप्प बस' असा निरोप जातो. एनएफ-कप्पा-बी हा पेशीतला दाहाचा मुख्य स्विच बंद राहतो. जंतू आले की डोकी त्यांना चिकटण्यात गुंततात. आता भक्षकपेशीसमोर शेपट्या येतात, त्या कॅलरेटिक्युलिन आणि सीडी-९१ या जोडीला लागतात आणि निरोप उलटतो, 'ऊठ, धाव.' शिवाय एसपी-ए हे टीएलआर-२, टीएलआर-४ आणि सीडी-१४ या चाहूल घेणाऱ्या ग्राहींना स्वतः चिकटून जंतूंच्या तुकड्यांची वाटही अडवतं.

तिसरं काम फारसं बोललं जात नाही, पण रुग्णाच्या खाटेपाशी मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. न्यूट्रोफिल येतो, लढतो आणि ठरल्या वेळी शांतपणे मरतो. त्याला भक्षकपेशीने वेळेत गिळलं तर विषय संपला. गिळलं नाही तर तो फुटतो आणि त्याच्या पोटातलं इलास्टेजसारखं द्रव्य वायुकोशाच्या भिंतीवर सांडतं. मेलेले न्यूट्रोफिल उचलून देण्यातही एसपी-ए आणि एसपी-डी मदत करतात.

मग आमच्या रुग्णात काय झालं असावं

इथून पुढचा धागा मी स्वतः जोडतो आहे. त्याच्या फुप्फुसातलं एसपी-ए किंवा एसपी-डी आम्ही मोजलं नाही. तशी सोय आमच्याकडे नाही, आणि हाय-फ्लोवरच्या माणसाच्या फुप्फुसात पाणी घालून ते परत ओढणं केवळ कुतूहलासाठी करू नये.

पहिली गोष्ट विडी. जपानमध्ये १९९६ साली निरोगी धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसातलं धुवण तपासलं तेव्हा त्यात एसपी-ए आणि एसपी-डी दोन्ही कमी आढळली. आमच्या रुग्णाची राखणदारी पंचवीस वर्षं हळूहळू विरळ होत आलेली असणार, वर चुलवाणाचा धूर. न्यूमोनिया झाला नाही तोवर ते कळण्याचं कारण नव्हतं.

दुसरी गोष्ट न्यूट्रोफिलची. स्लाइडवरची ती दाटी आठवा. न्यूट्रोफिलचं इलास्टेज जंतूबरोबर एसपी-ए आणि एसपी-डीलाही कुरतडतं. दाहात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड एसपी-डीचं अधिकचं चिन्ह मोडून त्याच्या सुट्या जुड्या करतो, आणि २००८ मध्ये दाखवलं गेलं की अशी मोडलेली जुडी शेपटी उघडी टाकून उलट धोक्याचीच घंटा वाजवते. म्हणजे आग वाढली की आग विझवणारे कमी होतात आणि उरलेल्यांतले काही तेल ओततात. जंतू गेले तरी हे चक्र काही दिवस स्वतःच्या जोरावर फिरू शकतं. एआरडीएसच्या (दाहाने दोन्ही फुप्फुसांत पाणी भरून ऑक्सिजन घसरण्याच्या गंभीर अवस्थेच्या) उंबरठ्यावरच्या रुग्णांच्या फुप्फुसात एसपी-ए आजार पुरता प्रकट होण्याआधीच कमी झालेलं असतं, हेही नोंदलेलं आहे. आमच्या रुग्णाच्या डाव्या तळाशी आलेली सावली मला त्या उंबरठ्याची वाटली.

एक गफलत इथे सहज होते. गंभीर फुप्फुसरोगात रक्तातलं एसपी-डी वाढलेलं सापडतं, आणि वाढलेलं असेल तर परिणाम वाईट. त्यावरून हे प्रथिन घातक आहे असं वाटेल. पण ते रक्तात आलेलं असतं पडदा फाटल्यामुळे. धरण फुटल्यावर शेतात पाणी दिसतं, म्हणून धरण भरलंय असं कोणी म्हणत नाही. जपानमध्ये फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांत रक्तातल्या एसपी-डीची तपासणी नेहमीच्या कामात वापरतात, ती याच गळतीची खूण म्हणून.

स्टेरॉइड, आणि बाटलीतलं सरफॅक्टंट

हायड्रोकॉर्टिसोनचा निर्णय आम्ही २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीवरून घेतला. गंभीर न्यूमोनियाच्या सुमारे आठशे रुग्णांत, हायड्रोकॉर्टिसोन दिलेल्यांपैकी २८ दिवसांत ६.२ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी ११.९ टक्के. त्यात सेप्टिक शॉक आणि फ्लूचे रुग्ण घेतलेले नव्हते, म्हणूनच फ्लूची तपासणी आणि रक्तदाब पाहूनच आम्ही पुढे गेलो. स्टेरॉइड बाहेरून जे करतं ते घरच्या राखणदाराच्या तुलनेत ढोबळ आहे. ते साऱ्या शरीराला गप्प करतं, साखर वाढवतं, आणि जंतूला धरून ठेवणारं डोकं त्याच्याकडे नाही. म्हणून योग्य अँटिबायोटिक आत असल्याशिवाय ते द्यायचं धाडस मी करणार नाही. चौथ्या दिवशी सुधारणा अपुरी होती, तेव्हा आठऐवजी चौदा दिवसांचा क्रम ठेवला आणि हळूहळू उतरवत नेला. साखर २४० पर्यंत गेली, चार दिवस इन्सुलिन लागलं.

रेसिडेंटने फार चांगला प्रश्न विचारला. नवजात विभागात सरफॅक्टंटच्या बाटल्या आहेत, यांना देऊ या का? प्राण्यांच्या फुप्फुसातून काढलेल्या त्या औषधात एसपी-बी आणि एसपी-सी टिकतात. शुद्धीकरणात एसपी-ए आणि एसपी-डी निघून जातात. म्हणजे आपल्याला जे हवं तेच त्यात नाही. प्रौढांच्या एआरडीएसमध्ये सरफॅक्टंटच्या मोठ्या चाचण्या झाल्या, मृत्यू कमी झाले नाहीत.

प्रयोगशाळेत बनवलेल्या एसपी-डीवर मात्र काम चालू आहे आणि त्यात आपल्याकडच्या लोकांचा वाटा मोठा आहे, हे इथे आवर्जून सांगतो. तरुणा मदन, उदय किशोर, पी. उषा सरमा आणि ऑक्सफर्डचे केनेथ रीड यांनी २००१ मध्ये दाखवलं की ॲस्परजिलस बुरशीने चिडलेल्या उंदरांच्या फुप्फुसात ही प्रथिनं दिली तर ती चिडचिड शमते. तो जंतू नव्हे, बुरशी, पण तत्त्व तेच. मदन यांचं पुढचं काम मुंबईत परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत झालं. आमच्या गावापासून ते एका रात्रीच्या प्रवासावर आहे. खाटेपर्यंत पोचायला त्याला अजून अवकाश आहे.

पुढे

सहाव्या दिवशी हाय-फ्लोची मात्रा उतरायला लागली. आठव्या दिवशी साधा मास्क, अकराव्या दिवशी नाकातून दोन लिटर. पंधराव्या दिवशी घरी गेला तेव्हा साध्या हवेवर ९४, पण जिन्याचं एक वळण चढून थांबत होता. एक्स-रेत खालचा खंड अजून ढगाळच होता. वहिनींना तो दाखवला आणि सांगितलं की हे साफ व्हायला दोन-अडीच महिने लागतील. विडी ओढणाऱ्याला जास्तच. पुन्हा अँटिबायोटिक घ्यायचं नाही, कोणी लिहून दिलं तर आधी मला फोन करायचा. न्यूमोकॉकसची लस तब्येत सावरल्यावर द्यायचं ठरलं.

सहाव्या आठवड्याला आला तेव्हा विडी बंद होती. कामाचं विचारलं तर म्हणाला, मालकाने चुलवाणावरून उठवून गुळाच्या ढेपा मोजायला बसवलंय. "धुरापास्नं लांब हाय साहेब, पन जीव करमत न्हाई." एक्स-रेत बोटभर रुंदीची एक पट्टी उरली होती. त्या भेटीत लस दिली.

दहाव्या आठवड्याला पुन्हा आला. वहिनी या वेळी काही विचारत नव्हत्या, दाराशी उभ्या राहून पाहत होत्या. त्याला पाठमोरं बसवून उजवी बाजू वरून खालपर्यंत ठोकली. तळापर्यंत पोकळ आवाज आला.